ओ आली का?

उजव्या हाताचा तळवा कानामागे धरायचा, मान थोडी तिरकी करायची आणि विचारायचं, "ओ आली का?" भोरमध्ये त्या काळी राहिलेल्या कुणालाही ही मुद्रा आठवेल. उत्रोलीच्या या गृहस्थांचं नाव मी सांगत नाही. सगळे आबा म्हणायचे, आपणही आबाच म्हणू.

घरात चहा टाकायला सांगितला की थोड्या वेळानं, "ओ आली का?" म्युनिसिपालटीनं दरबाराकडे अर्ज धाडला की पुढच्या सभेत, "ओ आली का?" लग्नाचं आवतण देऊन उन्हातनं आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी ते हेच विचारत. तो बिचारा म्हणे, "आबा, सांगून आलो की." त्यावर आबा म्हणत, "तू सांगितलंस रं. त्यो काय म्हनला?"

या सवयीमागे त्यांच्या घराण्याचा मान होता. नीरेला पूर येतो तो इकडच्या पावसानं येत नाही. वर हिरडोशीच्या डोंगरात ढग फुटतात, इकडे उत्रोलीत लख्ख ऊन असतं, आणि पाणी येतं. उत्रोलीजवळच्या टेकडीवरून नदीचं वरचं वळण दिसायचं. तिथलं पाणी तांबडं झालं की आबा उभे राहून हाळी देत. "होऽऽऽ! पानी आलंऽऽ!" मग काठच्या वस्त्यांवरून, पलीकडच्या धनगरवाड्यातून, मळ्यामळ्यांतून उत्तर यायचं, "ओऽऽ!" सगळीकडून ओ आल्याशिवाय हाळी देणाऱ्यानं टेकडी उतरायची नाही, असा रिवाज होता. आबांच्या वडिलांनी तो पाळला, आजोबांनी पाळला. म्हणून दसऱ्याला गावचं पहिलं सोनं आबांच्या हातावर पडायचं.

लढाईच्या दिवसांत दरबारकडून एक खलिता आला. त्या टेकडीवर लोखंडी मनोरा उभारायचा, पुण्याहून बिनतारी संदेश घ्यायचा आणि मनोऱ्यावरच्या भोंग्यातून मुलखाला सावध करायचं. शत्रूचं विमान असो, आग असो की पूर. काम चांगलं होतं, पण मनोरा बसणार होता नेमका आबांच्या उभं राहण्याच्या जागेवर. दरबारनं म्युनिसिपालटीला कळवलं, एक कमिटी नेमा, पाहणी करा आणि सर्वांचं एकमत असेल तरच होकार पाठवा.

आमचे अध्यक्ष वकील होते. त्यांना कमिटी नेमण्याइतका आनंद अशिलानं खटला जिंकल्यावरही होत नसे. खेड्यांच्या वतीनं त्यांनी आबांना घेतलं. अक्षर बरं म्हणून मला, शाळामास्तराला, चिटणीस केलं. पुण्याहून एक तरुण इंजिनियर आले. पहिल्या सभेनंतर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, म्हातारा आडवा येणार. घराण्याचा मान आहे. सोडेल कशाला?" मलाही तसंच वाटलं होतं.

आबा आडवे आले नाहीत, पण सरळही चालू देईनात. इंजिनियर भोंग्याची थोरवी सांगत आणि आबा तळवा कानामागे धरून म्हणत, "पुन्यांदा सांगा." ते पुन्हा सांगत. आबा विचारत, "बरं. मग ओ कशी येनार?" इंजिनियर म्हणत, "आजोबा, हे यंत्र बोलण्यासाठी आहे, ऐकण्यासाठी नाही." आबा मान हलवत. "व्हय, पर पोचलं ह्ये कळायचं कसं?" हा संवाद प्रत्येक सभेत व्हायचा. अध्यक्ष घड्याळ पाहायचे आणि मी टाक पुसायचो.

शेवटी इंजिनियर वैतागले. म्हणाले, प्रयोगच करू. एका सकाळी टेकडीवर मोठा बांबू रोवला, त्यावर भोंगा बांधला, खाली बॅटऱ्या मांडल्या. इंजिनियर स्वच्छ पुणेरी आवाजात बोलले, "सर्व नागरिकांनी सावध असावे. ही केवळ चाचणी आहे." टेकडी दणाणली. झाडावरची वटवाघळं उडाली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही दशम्या सोडून बसलो होतो, तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून माणसं येताना दिसली. सगळा धनगरवाडा येत होता. पुरुषांनी ठेवणीतले फेटे बांधलेले, बायकांनी जत्रेची लुगडी नेसलेली, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलेलं. पुढचा एक जण हात जोडून म्हणाला, "राम राम. तंबू कुठं हाय?"

त्यांनी आजवर भोंगा ऐकला होता तो जत्रेतल्या तमाशाच्या तंबूवरच. भोंगा वाजला म्हणजे खेळ आला, एवढं सरळ गणित. शब्द कुणाच्याच ध्यानात राहिले नव्हते.

आबा इतके हसले की ठसका लागला. "पोचलं खरं, साहेब! लई लांब पोचलं!" मग हसता हसता थांबले. "पर खरंच पानी आलं आस्तं तर? नटूनथटून नदीत उतरली आस्ती की ही." इंजिनियर म्हणाले, "सवय होईल लोकांना." धनगरवाड्यातल्या मंडळींना आबांनी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. आमच्या दशम्या वाटून टाकल्या. अध्यक्षांच्यासुद्धा.

मत द्यायचा दिवस आला. चौघांनी होकार दिला. आबा उठले. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले, आता तेच ते सुरू होणार म्हणून.

आबांचा तळवा त्या दिवशी कानामागे गेला नाही. दोन्ही हात त्यांनी टेबलावर टेकवले.

"गेल्या वळवाला नदीकाठच्या मळ्यात मेंढरं बसली हुती," ते म्हणाले. "पानी तांबडं दिसलं. म्या हाळी दिली. वाट बघितली. आन् उतरलो."

आम्हा सगळ्यांना ती हकीकत ठाऊक होती. एका धनगराचा सगळा कळप वाहून गेला होता. तो आणि त्याची बायको बाभळीला धरून राहिली म्हणून वाचली. हाळी वाऱ्यावर गेली, असं लोक म्हणाले आणि विसरले.

"ओ आली नव्हती," आबा म्हणाले. "मला वाटलं, आली आसंल. दोन सालं झाली, मला लांबची ओ ऐकूच येत न्हाई. म्या कुनाला बोललो न्हाई. हाळी द्यायची, जरा उभं ऱ्हायचं, आन् आली आसंल म्हनून उतरायचं. बापाचा मान माज्या हातनं जायला नको हुता. त्यो गडी मला येका शबदानं बोलला न्हाई. वाटंत भेटला की राम राम घालतो. त्येच सोसत न्हाई."

आम्ही त्या कानामागच्या तळव्याला ऐट समजत होतो. त्यावरून किती नकला केल्या होत्या आम्ही. मला फार वाईट वाटलं.

"मनोरा हुभा करा," आबा म्हणाले. "माजी हरकत न्हाई. येकच मागनं हाय. बोलून झालं की भोंगा गप करायचा, आन् चांगल्या कानाच्या मानसानं हुभं ऱ्हायचं. ओ आल्याबिगर त्येनं उतरायचं न्हाई."

इंजिनियर काही बोलणार होते. अध्यक्ष त्यांच्याकडे न बघताच मला म्हणाले, "मास्तर, लिहा."

मनोरा झाला. त्याच्यापाशी एक शिपाई नेमला, कान तपासून. तमाशाच्या भोंग्यातला आणि या भोंग्यातला फरक कळावा म्हणून आरंभी आबांची हाळी असावी, असं इंजिनियरांनीच सुचवलं. ती शिपायाला शिकवायला आबा स्वतः टेकडी चढले. यंत्रापुढे तोंड धरून हळू बोलायचं असतं, हे त्यांना काही केल्या पटेना. ते चार हात मागं सरले, छाती भरून घेतली आणि असे ओरडले की भोंग्यानं शिट्टीच मारली. शिपाई मात्र हाळी हुबेहूब शिकला.

त्या साली दसऱ्याचं पहिलं सोनं आबांनी घेतलं नाही. ते त्यांनी त्या शिपायाला द्यायला लावलं. दुसरं सोनं हातात घेऊन ते नदीपलीकडे गेले, कळप गेलेल्या त्या धनगराच्या दारात. दोघं काय बोलले मला ठाऊक नाही. परत आले तेव्हा खांद्यावर नवं घोंगडं होतं.

पुढं पूर आले, आणि माणसंगुरं वेळेत वर गेली. आबा ओसरीवर बसून असत. शिपाई उतरून घरावरून जाताना थांबायचा. "ओ आली का?" "आली, आबा. समद्यांची." मगच ते जेवायला उठत.

ते गेले तेव्हा भाताची कापणी चालू होती. भोंगा संकटाखेरीज वाजवायचा नाही, असा अध्यक्षांचा स्वतःचा दंडक. त्या दुपारी ते काठी टेकत टेकडीवर आले आणि शिपायाला म्हणाले, "आज वाजव." मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

शिपायानं आबांचीच हाळी दिली. "होऽऽऽ!" मग म्हणाला, "उत्रोलीचं आबा गेलंऽऽ." आणि नेमाप्रमाणं भोंगा बंद केला.

खाली खाचरांत विळे थांबलेले दिसले. वारा होता. काहीच ऐकू येईना. मग नदीपलीकडून, धनगरवाड्याच्या अंगानं, एकट्या माणसाचा आवाज आला, "ओऽऽ!" त्याच्यामागून काठच्या वस्त्या, मग मळे. माझा हात कधी कानामागे गेला, मला कळलंच नाही.

शेवटची ओ विरली. शिपाई उतरायला निघाला. मी तिथंच उभा राहिलो, आणि विचारणारं कुणी नव्हतं तरी मोठ्यानं म्हणालो, "आली, आबा. समद्यांची आली."