उतारावर लावलेली जीप

धनी गेला की मुक्या वस्तूंनाही ते समजतं. आंजी मोठी गावचे वामनराव गेले त्या सकाळी अंगणात उभी असलेली त्यांची जीप काही केल्या सुरू झाली नाही. गावात हे अजून सांगतात आणि सांगताना आवाज खाली आणतात. मी काही बोलत नाही. पण त्या जीपला मी बरीच वर्षं ओळखतो, आणि वामनराव ठणठणीत होते तेव्हाही ती सुरू होत नसे.

बातमी मला त्यांच्या पत्नीने, कुसुमवहिनींनीच फोनवर दिली. सकाळचा चहा यायच्या आधी वामनराव ओसरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. धावपळ करायलाही त्यांनी वेळ दिला नाही. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या, मग जरा थांबून, "अन गाडी सुरू नाई होऊन राह्यली. तुमी तुमची घेऊन या." एरवी देवळाजवळच्या उतारावर उभी असणारी जीप आदल्या संध्याकाळी तुरीची पोती उतरवायला अंगणात आणली होती आणि तिथेच राहून गेली. अंगण सपाट आहे. वामनरावांच्या आयुष्यात सपाट जागेला काय अर्थ होता, हे सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल काहीच सांगता येणार नाही.

वर्ध्याला लागून नालवाडीला माझं बियाणं-खतांचं दुकान आहे. दुकानासमोर रस्ता थोडा नाल्याकडे उतरतो. आमची मैत्री त्या उतारामुळे झाली. वामनराव वर्ध्याला आले की जीप माझ्या दारात लावत, आणि लावल्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय जाणं त्यांना बरं वाटत नसे. पुढे बियाणंही माझ्याकडूनच घेऊ लागले. वर्धा तसं सपाट गाव. पण त्यांना इथला प्रत्येक उतार ठाऊक होता, कारण उतारावरून घरंगळत सोडली की जीप चावीचं न ऐकताही सुरू होई. दाताचा डॉक्टर त्यांनी उतार बघून निवडला होता. एका भाच्याच्या लग्नाला गेले नाहीत, तर कारण विचारल्यावर म्हणाले, "मंगल कार्यालय भल्ल्या सपाटीवर हाय, शेठ." उतार अगदीच नसला तर वहिनी स्टिअरिंगवर बसत आणि वामनराव मागून ढकलत. वहिनींचं वजन कमी, हे कारण ते देत. खरं कारण असं की क्लच नेमका कधी सोडायचा, हे वहिनींना त्यांच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

जीप त्यांनी चांद्या गेल्यावर घेतली. चांद्या हा त्यांचा शेवटचा बैल, कपाळावर पांढरा चांद असलेला. त्याचा जोडीदार आधीच गेला होता आणि एकट्या बैलाला वामनरावांनी काही वर्षं नुसतं बसवून खाऊ घातलं. तो म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. मग नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर आली आणि चांद्याच्या जागी एक जुनी डिझेल जीप आली. त्या वर्षी पोळ्याला गावातले बैल तोरणाखाली जमले, तेव्हा वामनराव जीप धुऊन, बोनेटवर झूल टाकून तिथे घेऊन आले. लोक हसले. दोनेक वर्षांनी मागे ट्रॅक्टरही येऊ लागले, आणि मग गावच्या पुढाऱ्याने आपल्या भाषणात ही कल्पना स्वतःची असल्याचं सांगितलं. वामनरावांनी टाळ्या वाजवल्या. परवा शोकसभेत त्याच पुढाऱ्याने त्यांना 'भूमिपुत्र' आणि 'कृषिरत्न' म्हटलं. वामनराव तिथे असते तर कोणाबद्दल चाललंय म्हणून मागे वळून पाहिलं असतं.

जीपचा आजार असा होता की चावी फिरवली की कधी ती एका झटक्यात सुरू होई, आणि कधी सेल्फच्या जागी नुसतं 'टक' होई. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. दिवे मंद होत. चहा पिऊन आलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. आजार मिस्त्रीसमोर कधी दिसत नसे, हे त्याचं मुख्य लक्षण. एकाने बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्याने सेल्फ खोलून त्यातले कार्बन बदलले. तिसऱ्याने चावीचा स्विच नवा टाकला. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आठ-पंधरा दिवस नीट चाले, त्यामुळे प्रत्येक मिस्त्री आपलंच निदान बरोबर होतं असं आजही मानतो. शिवाय गाडी चालताना बोनेटमधून एक बारीक छुनछुन येत असे. काहीतरी ढिलं असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. वामनरावांचं काहीच मत पडत नसे. मी एकदा म्हटलं, वामनभाऊ, ही छुनछुन तरी शोधा. ते म्हणाले, "वाजू द्या ना शेठ. गुमसुम गाडी मले नाई आवडत."

त्यांचा मुलगा नितीन हैदराबादला नोकरीला. तो बसने येई आणि हमरस्त्यावरच्या जाम गावी उतरे, वामनराव त्याला आणायला जीप घेऊन जात. दोन वर्षांपूर्वी असाच तो आला तेव्हा मीही सोबत होतो, मला जामला एका दुकानदाराकडे काम होतं. जीप चौकाजवळ उभी, मागे ट्रक भोंगे वाजवताहेत, आणि चावी फिरवली की टक. टक. वहिनींना मागच्याच महिन्यात रक्तदाबाने चक्कर आली होती, ते नितीनच्या मनात असणार. त्याने आवाज न चढवता सांगितलं, "बाबा, हिचा बिघाड आज सापडला तर ठीक. नाई सापडला तर ही इथंच विकून टाकतो, अन तुमी दोघंही माह्यासंगं चाला. आईले रस्त्यात काई झालं तं तुमी उतार शोधत बसान का?" वामनराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिले. हैदराबादचं घर त्यांनी एकदा पाहिलं होतं. अकराव्या मजल्यावर. तिथे आपण काय करायचं, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नव्हतं.

जामच्या मिस्त्रीला स्वतःचा आवाज फार आवडत असे. गाडीला हात लावण्याआधी त्याने आधीच्या तिन्ही मिस्त्रींची अक्कल काढली, मग बॅटरी बदला म्हणाला, ती नवीच आहे हे कळल्यावर सेल्फ खोला म्हणाला. शेवटी नाइलाज होऊन त्याने एक जाड केबल घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाला लावून म्हणाला, "मारा सेल्फ." जीप लगेच सुरू झाली. बंद करून केबल काढली. टक. पुन्हा लावली. सुरू. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, मधली अर्थिंग गेलेली. बॅटरीपासून निघालेली जाड काळी वायर जिथे बॉडीला बोल्टने कसतात, तिथे वीज पोचता पोचता अडत होती. तो त्या वायरच्या मागे बोट फिरवत गेला आणि थांबला. बोल्टवर मेणासारखा पिवळा थर बसला होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं. धूळ, तूप आणि हळद. बोल्टखाली, वायरचं टोक आणि पत्रा यांच्या मध्ये, सुती गोफाची गाठ कोंबलेली. आणि गोफाला लोंबणारं एक पितळी घुंगरू.

"हे कोणी कोंबलं?" मिस्त्रीने विचारलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात, वर्षभर जू ओढलं म्हणून, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. वामनराव ती खांदशेकणी जीपची करत होते, हे वहिनींखेरीज कोणाला माहीत नव्हतं. जीपचा खांदा कुठे असतो, हा प्रश्न त्यांनी एकट्याने सोडवला होता. सगळ्यात मजबूत दिसणारा बोल्ट त्यांनी निवडला.

"चांद्याचं हाय," ते नितीनला म्हणाले. "वायरीखाली दाबलं तं पडत नाई ना."

नितीन लहानपणी चांद्याच्या पाठीवर बसून शेतात जायचा. वामनरावांनी पाना मागून घेतला, स्वतः बोल्ट सैल केला, घुंगरू काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. मिस्त्रीने पत्रा घासून चकचकीत केला, बोल्ट कसला. जीप सुरू झाली, आणि वर्ध्यापर्यंत एवढी शांत चालली की मला झोप येऊ लागली. हैदराबादचा विषय त्या दिवशी संपला.

पुढचे काही महिने ती कधी अडली नाही. तरी वामनराव तिला उतारावरच लावत. सवय झाली म्हणत. मग पोळा झाला, आणि त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी ते दुकानावर आले तेव्हा जीप पुन्हा वाजत होती... छुनछुन. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उताराकडे पाहिलं. आम्ही तुरीच्या भावाबद्दल बोललो. फोनवर नितीन विचारे, गाडी कशी आहे, तर ते अगदी खरं उत्तर देत: "पयल्यासारखीच."

तेरवी झाली. नितीनने आईला घेऊन जायचं ठरवलं होतं. वहिनींनी काही ठरवलं आहे का, हे विचारायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. जीप पाहायला जामहून एक माणूस येणार होता, म्हणून नितीनने सकाळी अंगणातच बोनेट उघडलं, आणि कितीतरी वेळ तसाच वाकून उभा राहिला. मी जवळ गेलो. बोल्टवर यंदाच्या पोळ्याची हळद अजून पिवळी होती. खाली गोफ, गोफाला घुंगरू.

"काका, हे तं जामले काढलं होतं ना?"

काढलं होतं, मी म्हटलं.

"आई, तुले माहीत होतं?"

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. "तूप कोन कढवून देल्लं मंग?"

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू आमाले तिकडं नेलं असतं," त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवलं. "मी आताबी नाई येत, बाबू. तू येत जाजो. जामले उतरजो, गाडी येईन."

नितीनने पाना घेतला. मला वाटलं, आता काढणार. त्याने बोटाने घुंगरू एकदा हलवलं, ते वाजलं, मग त्याने बोल्ट होता तसाच, गोफासकट, आणखी अर्धा फेरा कसला. बोनेट लावलं. आत बसून चावी फिरवली. टक. पुन्हा. टक.

वहिनी पदर खोचून उठल्या. "उतर," त्या म्हणाल्या. "मांगं जा." नितीन उतरला. त्या स्टिअरिंगवर बसल्या. नितीन आणि मी मागे लागलो, फाटकातून बाहेर काढली, मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावर नेली, आणि तिथे त्यांनी क्लच सोडला. काळा धूर आला, मग छुनछुन. बसथांब्यापर्यंत जाऊन त्या परत आल्या आणि जीप देवळाजवळच, तोंड खाली करून, नेहमीच्या जागी लावली. जामच्या माणसाला नितीनने येऊ नका म्हणून कळवलं.

आता गावात असं सांगतात की मुलाचा हात लागताच जीप आपणहून सुरू झाली. आम्ही ते खोडून काढत नाही, कारण वहिनींकडे लायसन नाही.