चिंचेकडची पट्टी

मातीशी आपलं नातं आहे, असं कुणी म्हणालं की मला शंका येते. रोज रानात जाणारी माणसं असं बोलत नाहीत. त्यांची कंबर दुखत असते.

माझा पुतण्या उद्यमबागेत कारखान्यात कामाला आहे. रानाचा उतारा त्याच्या आणि माझ्या नावावर. विकायचं तर दोघांची सही लागते. बरीच वर्षं तो वेळामावसेला फिरकला नव्हता. यंदा मात्र बायको आणि सासऱ्याला गाडीत घालून आला. बांधावर चप्पल काढली आणि म्हणाला, "काकी, हितं पाय टेकला की जीव निवतोय बघ."

"चप्पल घाल. बाभळीचं काटं हाईत."

"असू देत गं. आपल्याच मातीतलं काटं."

वेळामावसेला आम्ही उभ्या पिकात चरू शिंपतो. भाकरी, कडबू, भाजी, भात एकत्र कालवायचं. एकानं ते मुठीमुठीनं टाकत सगळ्या रानाला फेरी घालायची, दुसऱ्यानं मागून तांब्यातलं पाणी सोडत यायचं. जमीन पोटुशी असते, तिला जेवण घालायचं, असं म्हणतात. खातात कावळे आणि मुंग्या, हे मला दिसतं. तरी मी कधी चुकवलं नाही. जिचं खाल्लं तिला घालायचं, एवढंच. आणखी एक समजूत आहे. जी जमीन सोडायची ठरली, तिला चरू घालत नाहीत. जेवू घालून हाकलायचं नसतं.

पुतण्यानं चरूची बुट्टी घेतली, बायको पाणी घेऊन मागे. मी बांधावर बसून बघत होते. जोंधळ्यातून त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. विहिरीपासून चिंचेकडे वळायचं असतं. तो वळला नाही. पाटावरून सरळ परत आला.

"चिंचंकडं का न्हाय गेलास?"

"काटं लई हाईत तिकडं."

"आपल्याच मातीतलं न्हवं?"

सासरा हसला. पुतण्या हसला नाही.

चिंचेकडची पट्टी रस्त्याला लागून आहे. मी विचारलं, "कुणाला शब्द दिलास रं?"

"बोलणं झालंय नुसतं. तुझ्या सहीबिगर काय हुतंय व्हय?"

मला फसवायला त्याला काही वाटलं नव्हतं. जमिनीला फसवायला मात्र तो भ्याला. म्हणजे त्याचा विश्वास खरा होता. त्याचाच मला जास्त राग आला.

मी बुट्टी ओढून घेतली आणि चिंचेकडे निघाले. पाणी सोडायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं मागे धार पडल्याचा आवाज आला. चरू टाकताना मागे बघायचं नसतं, पण खोकल्यावरून कळलं, पुतण्याच होता. लाज वाटून आला, की सासऱ्यासमोर बरं दिसावं म्हणून, देव जाणे.

चिंचेखाली पोचल्यावर तो म्हणाला, "काकी, आता त्येस्नी काय सांगू?"

"पट्टी जेवलीया, म्हणून सांग."

सांगतो म्हणाला. सांगितलं का, ते मी विचारलेलं नाही. तो 'व्हय'च म्हणणार. रस्त्याकडेला गाडी थांबली की खुरपं टाकून मी स्वतः बघायला जाते.