कपाटामागची भेग

इटलीतल्या पोत्सुओलीत जमीन सारखी हलते, याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. धक्का बसला की लोक कॉफीचा कप हातात धरतात आणि थांबला की पुढचा घोट घेतात. असुंता मात्र घाबरायची, आणि तसं उघड सांगायची. बासष्टाव्या वर्षीही ती घरात बूट घालूनच वावरायची, न जाणो पळावं लागलं तर!

या भीतीचं मूळ सत्तर सालात होतं. ती सात वर्षांची होती आणि तेव्हाही जमीन अशीच हलत होती. आई कारोत्सा तळत होती: शिळ्या पावाच्या दोन कापांत मोझरेला चीज, वरून पीठ नि अंडं, मग गरम तेलात. दारात सैनिक आले. "वस्ती खाली करा, आत्ताच्या आत्ता!" आईने गॅस बंद केला, "तासाभरात येऊ," म्हणाली आणि पोरीला घेऊन निघाली. त्या घरात पुन्हा कुणी राहायला गेलं नाही. तळणीत राहिलेले ते चार तुकडे असुंताला अजून दिसायचे.

म्हणून परवाच्या धक्क्याने झोपायच्या खोलीत हात जाईल एवढी भेग पडली, तेव्हा तिने नवऱ्याला, प्रोकोलोला, हाताशी धरून भेगेपुढे कपाट सरकवलं. घर एकदा सुटलं की सुटलं. पण प्रोकोलो त्याच भिंतीकडे डोकं करून दुपारी आडवा व्हायचा, आणि ही दर दोन मिनिटांनी दारातून डोकावून बघायची.

आज नगरपालिकेची इंजिनीअर फेदेरिका घर तपासायला आली. खोल्या बघून झाल्यावर असुंताने तिला स्वयंपाकघरात बसवून गरम कारोत्सा पुढे ठेवला.

"खा पोरी. मोझरेला कालचं आहे. ताजं असतं तर पाणी सुटून तेल अंगावर आलं असतं."

"काकू, ही लाच तर नाही ना?" चीजची तार ओढत पोरगी हसली.

"लाच असती तर आत मासळी घातली असती तिनं!" प्रोकोलो आतल्या पलंगावरून ओरडला.

असुंताला हसू आलं नाही. फेदेरिकाने घर राहण्याजोगं असल्याचा कागद पुढे ओढला. "भेगा कुठे नाहीत ना?"

"नाहीत."

पेन कागदाला टेकलं. तेवढ्यात तळणीतल्या तेलावर बारीक शिरशिरी उठली. पायांना अजून काहीच कळलं नव्हतं. आत कपाटाचं दार करकरलं.

"प्रोकोलो, ऊठ तिथनं! ऊठ रे मेल्या!" मग ती इंजिनीअरकडे वळली. "सही करू नकोस, पोरी. कपाटामागं बघ."

फेदेरिका आत जाऊन आली ती पांढरीफटक पडून. "काकू, आत्ता निघायचं. दोघांनीही."

"परत कधी?"

"काय माहीत, काकू," पोरगी म्हणाली. निदान ती खोटं बोलली नाही.

असुंताने गॅस बंद केला. तळणीत दोन तुकडे अर्धे तळलेले होते.

"अगं चल ना, राहू दे ते!" दारातून प्रोकोलो म्हणाला.

"नाही राहू द्यायचं."

झाऱ्याने तिने दोन्ही तुकडे काढले, कागदात गुंडाळले आणि उराशी धरून जिना उतरू लागली. तेल झिरपून ब्लाऊजमधून छातीला चटका बसत होता. तिने पुडी सोडली नाही.