फ्रेंच बोलणारी देवी

कॉलेजात मी फ्रेंच घेतलं ते निव्वळ संस्कृतच्या भीतीनं. तिथं स्वतःच स्वतःवर करायच्या क्रियापदांचा धडा आला. आपण सकाळी नुसते उठतो. फ्रेंच माणूस स्वतःला उठवतो, स्वतःला धुतो, स्वतःला विंचरतो. एवढी उठाठेव करून ती माणसं कामाला कधी जातात, देव जाणे. आमच्या मास्तरांचा दंडक असा, की क्रिया करतानाच क्रियापद म्हणायचं, मोठ्यानं, दहा वेळा. मधे थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून.

घरात तेव्हा वेगळाच घोर होता. परीक्षा चैत्रात, आणि वडील माझं लग्न माघातच उरकायला निघालेले. म्हणजे परीक्षा बुडालीच. मी रडले, भांडले, उपाशी राहिले. वडील ढिम्म.

एका शुक्रवारी न्हाऊन मी शाहूपुरीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, केस तोंडावर सोडून विंचरत बसले होते. "झ म पेन्य, त्यु त पेन्य, इल स पेन्य..." ठेका लागला तसं अंगही डुलायला लागलं. शेजारच्या काकू ताक मागायला आल्या आणि दारातच भांडं टाकून ओरडल्या, "अवो, पोरीच्या अंगात आलंय की!"

पाच मिनिटांत माझ्या कपाळावर मळवट आणि ओटीत नारळ. खरं सांगून टाकणार होते, पण माझी सातवी खेप चालू होती. काकूंनी हात जोडून विचारलं, "देवी आई, माझी म्हस कवा गाभण ऱ्हाईल?"

"नू नू पेन्यों," मी म्हणाले, म्हणजे 'आम्ही स्वतःला विंचरतो'. काकूंचं समाधान झालं.

मग माझी आई पुढं आली आणि चक्क माझ्या पाया पडली. मागं वडील हात जोडून उभे. आईनं खणखणीत आवाजात विचारलं, "देवी आई, पोरीचं लगीन माघात करू का?"

"न्हाय!" मी किंचाळले. "परीक्षा झाल्याबिगर न्हाय!"

वडिलांनी तिथल्या तिथं कान धरले. मी परीक्षेला बसले, पासही झाले. पण आईला पाया पडायला लावलं याची मला फार लाज वाटायची. वैशाखात सासरी निघताना तिच्या गळ्यात पडून मी सगळं कबूल केलं.

आईनं पदरानं माझे डोळे पुसले. "अगं, रोज सकाळी मोरीतनं तुझं त्ये फ्रेंच ऐकत हुते की मी. ह्यांनी माझं कधी ऐकलं न्हाय, तुझंबी न्हाय. म्हटलं, देवीचं तरी ऐकत्यात का बघू."