मदतमित्रांचे सर

आमचे पर्यवेक्षक सर बोलायला उभे राहिले की आधी शर्टाची बाही खाली ओढायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "चांगुलपणा नुसता असून भागत नाही. तो दिसला पाहिजे." समोर मुलं असोत, पालक असोत की शाळेच्या भिंती रंगवायला आलेला रंगारी, वाक्य हेच. रंगारी बिचारा मान हलवायचा आणि भिंतीवर आणखी एक हात मारायचा.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेलच. जगाचं चांगलं व्हावं अशी त्याची मनापासून तळमळ असते, आणि त्यासाठी तो माइक सोडायला तयार नसतो. बाळापूरच्या आमच्या शाळेत ते काम सरांकडे होतं. मी तिथे चित्रकला शिकवायचो.

सरांनी 'मदतमित्र' योजना काढली. दर महिन्याला वर्गाने मतदान करून सर्वांत जास्त मदत करणारा विद्यार्थी निवडायचा आणि त्याच्या छातीवर बिल्ला लावायचा. आठवी 'ब'मध्ये तो बिल्ला वैष्णवीला मिळाला आणि तिच्याकडेच राहिला. पोरगी वाईट नव्हती. तिला मैत्रिणी खूप होत्या, आणि त्या एकमेकींना भरपूर मदत करायच्या. एकीचं पेन पडलं की सगळ्या वाकायच्या, विशेषतः सर व्हरांड्यातून जात असले तर.

त्याच वर्गात सानिया होती. तिच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान होतं आणि तिचं गणित चांगलं होतं. मधल्या सुट्टीत मुली वह्या घेऊन तिच्याभोवती बसायच्या, आणि डबा गार झाला तरी ती समजावत राहायची. बिल्ल्यासाठी तिला कोणी मत देत नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग एका चाचणीत सानियाचा सोडून आठवी 'ब'चे सगळे पेपर सारखेच निघाले, चुकांसकट. सरांनी वर्गात जाऊन विचारलं, तर सगळे छताकडे पाहू लागले. शेवटी त्यांनी सानियाला उभं केलं, आणि तिने जे घडलं ते सांगितलं. चाचणीवर देखरेखीला असलेले गुरुजी मोबाइलमध्ये गुंतले होते आणि उत्तरांची चिठ्ठी बाकाबाकांवरून फिरली होती. एवढ्यावर भागलं असतं. पण सरांना राहवेना. दुसऱ्या दिवशी परिपाठात त्यांनी तिला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या खरेपणाबद्दल सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. सर्वांत जोरात टाळ्या आठवी 'ब'ने वाजवल्या.

त्या दिवसापासून तिच्याशी कोणी बोलेना. भांडण नाही, शिवी नाही. ती बसली की शेजारची सरकायची. तिने डबा उघडला की बाकीच्यांचा गोल दुसऱ्या कोपऱ्यात जमायचा. वाढदिवसाची चॉकलेटं वाटताना नेमकी तिच्यापाशी संपायची.

हळूहळू सानियाही बदलली. एका मुलीने कंपास आणला नव्हता. सानियाकडे जास्तीचा होता, पण बाईंनी सांगूनही तिने दिला नाही. प्रकरण सरांकडे गेलं. मी तेव्हा त्यांच्या खोलीत सहकार्यावरचं पोस्टर टांगत होतो. सरांनी कारण विचारलं.

"मी कावून देऊ, सर?" ती म्हणाली. त्यात उद्धटपणा नव्हता. का द्यायचा, याचं तिला खरंच उत्तर हवं होतं.

सरांनी तिला सहकार्याच्या महत्त्वावर निबंध लिहायला सांगितला. वेगळ्या खोलीत, एकटीने बसून.

पुढे शाळेची तपासणी आली. साहेबांनी सहज विचारलं, संगणकाची खोली रोज उघडता ना? मुख्याध्यापक होकार देत होते, तेवढ्यात सरांनी बाही खाली ओढली आणि किल्ली कधीचीच हरवली आहे असं सांगून टाकलं. शाळेला नोटीस आली. सगळ्या शिक्षकांची दिवाळीची सुट्टी अर्धवट कामं उरकण्यात गेली.

तेव्हापासून स्टाफरूममधला चहा सरांपर्यंत पोचायच्या आधी संपू लागला. सर आत आले की गप्पा थांबायच्या. व्हॉट्सॲपवरचा शिक्षकांचा ग्रुप एकाएकी शांत झाला. सरांना सोडून दुसरा निघाला होता. मूल्यशिक्षणाची समिती त्या नव्या ग्रुपमध्ये झाडून हजर होती. मला चित्रकलेचा म्हणून जुन्या ग्रुपमध्येही कोणी घेतलं नव्हतं. त्यामुळे सर माझ्या खोलीत येऊन बसू लागले.

कोणी रजेवर गेलं की त्याचा तास न सांगता घेणारा हा माणूस. एक दिवस विज्ञानाच्या बाई माझ्या दारात आल्या. सासूबाईंना अकोल्याला दवाखान्यात न्यायचं होतं. शेवटचे तास सर घेतील का, असं त्यांनी जरा चाचरतच विचारलं.

सर रंगाच्या बाटल्यांकडे पाहत म्हणाले, "मी कावून घेऊ?"

बाई गेल्या. मग सर मला म्हणाले, "त्या पोरीले म्या निबंध लिहाले लावला होता." आणि उठून बाईंच्या वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सर स्वतःचा डबा घेऊन सानियाशेजारी बसू लागले. तुला सगळ्यांपुढे उभं केलं ते माझं चुकलं, असंही त्यांनी तिला सांगितलं. ती काही दिवस मुकाट्याने जेवली. मग एकदा हळूच म्हणाली, "सर, तुमी येऊन बसता तं पोट्ट्या अजूनच हासतात."

"मंग मी काय करू, तूच सांग."

"काई नका करू, सर. फक्त परिपाठात माझं नाव नका घेऊ."

सरांना एवढी कडक शिक्षा आजवर कोणी दिली नव्हती. त्यांनी ती भोगली. डबा माझ्या खोलीत परत आला. मदतमित्र योजना त्यांनी गाजावाजा न करता बंद केली. बिल्ला परत देताना तो वैष्णवीच्या हातून पडला, तेव्हा तिच्या मैत्रिणींपैकी कोणी वाकलं नाही.

परीक्षा जवळ आली आणि वैष्णवीचं भूमितीचं घोडं अडलं. मैत्रिणींचंही तिथेच अडलेलं. एका दुपारी ती वही घेऊन सानियाच्या बाकापाशी घुटमळली. सानियाने बाकावरचं दप्तर उचलून खाली ठेवलं. वैष्णवी बसली.

सर हे व्हरांड्यातून पाहत होते. माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "कोनाले सांगू नका." मला सांगायला होतं तरी कोण?

दुसऱ्या दिवशी परिपाठात त्यांनी बाही ओढली, घसा साफ केला. शाळा भाषणाच्या तयारीने उभी राहिली. सर माइकपाशी वाकले आणि म्हणाले, "आज पाण्याची टाकी धुणार आहेत. पाणी घरून आणा." आणि खाली उतरले. इतकं सुंदर भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात शिक्षक एकामागून एक त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक करत होते. ज्यांनी त्यांना चहा दिला नव्हता, त्यांचे गळे जास्त दाटले होते.

समारंभ संपल्यावर मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघालो. कडुनिंबाखाली सानिया, वैष्णवी आणि आणखी काही मुली कैरी खात बसल्या होत्या. त्यांना उठावं लागू नये म्हणून सर भिंतीच्या कडेने निघाले. पण सानियाने पाहिलंच. तिखटमीठ लावलेल्या फोडी घेऊन ती धावत आली.

सरांच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्यात गुच्छ. त्यांनी दोन्ही माझ्याकडे दिले आणि खांद्यावरच्या नव्या कोऱ्या शालीचं टोक तिच्यापुढे पसरलं. तिने ओंजळ रिकामी केली. सरांनी शालीची पुरचुंडी पोटाशी धरली आणि फाटकाबाहेर पडले. शालीवर तिखटाचा लाल डाग हळूहळू पसरत होता.