शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्या घरच्या कपाटाचा वरचा खण रॉकवाल्यांचा आहे. गिटार बडवणाऱ्या, ड्रम फोडणाऱ्या, घसा फाडून गाणाऱ्या माणसांनी स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेली पुस्तकं. पांढुर्ण्यात असा दुसरा खण कोणाच्या घरी असेल तर दाखवा, मी चहा पाजते.

मी इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. पहिलं पुस्तक नागपूरला शिकत असताना फुटपाथवर घेतलं, तेही काही संगीताच्या ओढीनं नाही. दुकानदार पुस्तकं वजनावर विकत होता आणि मला गाडीत वाचायला जाडजूड काहीतरी हवं होतं. त्या दिवशी वाचता वाचता पांढुर्णा कधी येऊन गेलं ते कळलंच नाही. पुढच्या तिगाव स्टेशनला उतरले आणि परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसून पुढची चाळीस पानं वाचली. तेव्हापासून हा नाद लागला.

लोक विचारतात, त्यांची गाणी तू ऐकतेस का? खरं सांगू, फारशी नाही. कान फुटतात. पण त्यांचं लिहिणं मला आवडतं, कारण ते स्वतःची अब्रू झाकत नाहीत. आपल्याकडची आत्मचरित्रं वाचा. माणूस पहिल्या पानापासून हार घालून बसलेला असतो. हे लोक सरळ सांगतात: मी माती खाल्ली, मित्राला फसवलं, स्टेजवर जाऊन पडलो. माझं सगळ्यात लाडकं पुस्तक एका बाईचं आहे. ती स्वतःचे स्पीकर स्वतः उचलून गाडीत टाकायची, आणि प्रत्येक गावी दारावरचा माणूस तिला विचारायचा, ‘तू कोणाची बायको?’ ते पुस्तक मी तीनदा वाचलं. दुसरं एका ड्रमवाल्याचं आहे. त्यात गाण्याबद्दल कमी आणि कोण उशिरा आलं, कोणी कोणाच्या ताटातलं खाल्लं याबद्दल जास्त. अगदी आमच्या मोहल्ल्यातल्या बायका बोलतात तसं.

ही पुस्तकं माझ्या माईलाही पाठ आहेत. माय चौथी शिकलेली. हंगामात कापूस वेचायला जाते, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसते. मी समोर बसून तिला ही पुस्तकं आमच्या बोलीत सांगते. ऐकताना तिचं तोंड काही बंद नसतं.

‘‘हॉटेलातला टीव्ही खिडकीतून फेकला? काऊन बाप्पा?’’

‘‘मस्ती आली होती त्याले.’’

‘‘एक दिवस वावरात आनून उभा कर त्याले. दुपारपर्यंत मस्ती उतरते का नाई पाह्य.’’

नवऱ्याशी भांडून तिसऱ्यांदा लग्न करणाऱ्या गायिकेवर ती म्हणाली, ‘‘गळा चांगला असन तिचा, पन डोकं तं रिकामंच हाय.’’ आणि त्या स्पीकर उचलणाऱ्या बाईची गोष्ट संपल्यावर नुसती म्हणाली, ‘‘परत सांग.’’

माय तरुणपणी एका गायन पार्टीत होती, एवढं मला ठाऊक होतं. जयंतीला, लग्नांत, विहाराच्या कार्यक्रमात अशा पार्ट्या गातात. पेटी, ढोलकी, बेंजो, मधे मुख्य गाणारा तो वस्ताद आणि मागे झील धरणारे. झील म्हणजे वस्तादानं ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलायची. माय झील धरायची. मी पहिलीत असताना तिनं पार्टी सोडली. का, ते मी कधी विचारलं नाही. पोरं आपल्या आईला असं काही विचारत नसतात, त्यांना वाटतं आई जन्मापासूनच आई होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका बँडचं पुस्तक सांगत होते. त्यात शेवटी शेवटी मोठं भांडण आहे. ज्या गाण्यानं त्यांचं नाव झालं ते गाणं नेमकं लिहिलं कोणी? चौघं एकमेकांच्या जिवावर उठतात. अशी भांडणं या पुस्तकांत पावलोपावली असतात, म्हणून मी भरभर सांगून टाकत होते. तेवढ्यात माईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

‘‘थे ‘पुस्तक सोडू नको’ आहे ना,’’ ती म्हणाली, ‘‘थे माहं हाय.’’

मला आधी कळेचना. हे गाणं आमच्या भागात सगळ्यांना येतं. सौसर, मोहगाव, पांढुर्णा, कुठंही जयंतीला जा, हे झाल्याशिवाय कार्यक्रम उठत नाही.

*पाटी फुटली तं फुटू दे बाई,*
*पुस्तक सोडू नको.*

आणि शेवटच्या ओळीत वस्तादाचं नाव येतं. ‘अमके म्हणे, उजेड आला दारी, पुस्तक सोडू नको.’ चार अक्षरी, ऐटदार नाव. ढोलकीची थाप बरोबर त्या नावावर पडते.

‘‘तुहं? तू बांधलं?’’

‘‘तुले पयल्यांदा शाळेत घेऊन गेली होती ना. रस्त्यात तू पाटी फोडली अन् बोंबलत बसली. तुले चूप करता करता बांधलं.’’

म्हणजे बघा! जन्मभर जे गाणं मी लाऊडस्पीकरवर ऐकलं, त्यातली पाटी माझी होती. मी हसू की रडू? मी दोन्ही केलं नाही, मी चिडले. माझा स्वभावच तसा आहे, माय म्हणते की पोट्टीच्या नाकावर मिरची वाटून ठेवली आहे.

‘‘अन् त्यानं आपलं नाव टाकलं? चोरच हाय मंग!’’

‘‘चोर नाई वं. पद्धत होती.’’

पद्धत अशी. पार्टीतलं गाणं कोणीही बांधो, शेवटच्या ओळीत नाव वस्तादाचं. एखाद्याला आपलं नाव टाकायचं असेल तर त्यानं सगळ्या पार्टीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं ते मागायचं. त्याला ‘नाव मागणं’ म्हणत. वस्ताद हो म्हणाला की पुढं तुझ्या गाण्यात तुझं नाव. दोन पोरांनी मागितलं होतं, त्यांना मिळालं. बाईनं मागितलं, असं कधी झालं नव्हतं. माईनं मागितलं नाही. मग मोहगावच्या एका कार्यक्रमात वस्तादानं ते गाणं स्वतःच्या नावानं म्हटलं, सगळं पब्लिक डोलायला लागलं, आणि मागे झील धरलेल्या माईचा आवाजच फुटेना. त्यानंतर ती गेली नाही.

मी दुसऱ्याच रविवारी बस पकडून सौसर आणि तिथून मोहगाव गाठलं. माईला सांगितलं नाही. वस्ताद आता थकलेले आहेत. ओसरीवर खाटेवर बसले होते. मी कोणाची पोरगी ते सांगितलं तर डोळे लकाकले.

‘‘तिची पोरगी? वा! कशी आहे तुही माय? गाते?’’

‘‘नाही आबाजी. तुम्ही तिचं गाणं घेतल्यापासून गात नाही.’’

एवढं बोलून गेले, आणि म्हातारा रागावेल, हाकलून देईल असं वाटलं. ते धोतराच्या सोग्याशी खेळत राहिले.

‘‘तिनं मागतलं नाई,’’ ते म्हणाले.

‘‘मागितलं असतं तर दिलं असतं?’’

‘‘नसतं देलं. आता खोटं काऊन बोलू? मरनाच्या दारात बसून राहिलो. थे गानं माह्या साऱ्या गान्यांपेक्षा मोठं होतं, अन् मले थे माहीत होतं.’’ मग म्हणाले, ‘‘सांग तिले, या जयंतीले आपल्या नावानं म्हन म्हना. मी समोर येऊन बसतो.’’

मी परतीच्या बसमध्ये जग जिंकल्यासारखी बसले होते. माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकात एवढी सरळ कबुली नव्हती! घरी आले, चप्पल पायातच, आणि माईला सगळं सांगितलं. वाटलं, आता ती मला जवळ घेईल.

माय उभी राहिली. ‘‘तुले कोन म्हनलं होतं जाले?’’

‘‘अवं पण तो हो म्हणाला!’’

‘‘नाव सोता मागाव लागते. तू माह्या वतीनं मागतलं म्हनजे भीक मागतली. तीस वर्सं म्या मागतलं नाई, अन् तू एका दिवसात माही किंमत करून आली. मोठी शिकलेली!’’

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकर वाढायची, पण बोलायची नाही. मला आधी वाटलं, ही काय जुनी हेकेखोर पद्धत! मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. तिला नुसतं नाव मिळण्याचं काही पडलेलं नव्हतं. तिला ते मागायचं होतं, ताठ उभं राहून, सगळ्यांसमोर. आणि ते मी आगाऊपणे परस्पर उरकून आले होते. एवढी पुस्तकं वाचून ढ ती ढच.

तिसऱ्या दिवशी सकाळी माय पांढरं लुगडं नेसून तयार. ‘‘येतो मी मोहगाववरून,’’ म्हणाली.

‘‘मी येऊ?’’

‘‘तू नको.’’

तिथं काय झालं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. मोहगावच्या लोकांकडून कळलं ते एवढंच, की ती पोचल्यावर वस्तादानं पार्टीतले उरलेले तिघं बोलावून घेतले, आणि माय खाटेसमोर उभी राहून मोठ्यानं बोलली. परत आली तेव्हा पिशवीत दोन किलो संत्री होती आणि चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. पण रात्रीच्या भाकरी थापताना ती बोटांवर अक्षरं मोजायला लागली.

अडचण भारी होती. वस्तादाचं नाव चार अक्षरांचं, माईचं दोनच. ओळीत खड्डा पडत होता.

‘‘कवयित्री लाव ना पुढं,’’ मी म्हटलं.

‘‘तेवढ्यात तं अख्खी ओळ खपते. चूप बस.’’

महिनाभर ती खड्डा बुजवत होती. सरकी काढताना, पाणी भरताना. शेवटी काय ठरवलं ते सांगितलं नाही.

जयंतीला आमच्या विहारासमोर मांडव पडला. संध्याकाळची वेळ, निळ्या पताका, गर्दी रस्त्यापर्यंत. वस्ताद खरंच आले. दोघांनी धरून पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. माय स्टेजवर चढली. माईक तिच्या उंचीपेक्षा वर होता, तो तिनं कोणाला न विचारता खाली ओढला. मला ती स्पीकर उचलणारी बाई आठवली.

सुरुवातीला आवाज जरा फाटला. तीस वर्षं पेटीत ठेवलेलं लुगडं घडीवरच विरतं, तसा. दुसऱ्या कडव्याला उघडला. बाप्पा, काय उघडला! मी तिच्याकडून अंगाई ऐकली होती, ओव्या ऐकल्या होत्या, पण हा आवाज घरात मावणारा नव्हताच. लोक टाळ्या धरून झील देत होते. आणि शेवटचं कडवं आलं.

तिनं आपलं नाव घेतलं. आणि सगळ्या मांडवानं एका सुरात वस्तादाचं नाव घेतलं.

कोणाच्या मनात वाईट नव्हतं. तीस वर्षांची सवय. पाचशे गळ्यांखाली माझ्या माईची दोन अक्षरं दबून गेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वाटलं, आता ती खाली उतरणार, आणि या वेळी कायमची.

माईनं ढोलकीवाल्यापुढं हात केला. ढोलकी थांबली. बेंजोवाला दोन सूर पुढं गेला आणि तोही थांबला.

‘‘थांबा जरा,’’ ती माईकमध्ये म्हणाली. ‘‘गानं माहं हाय. पोरीची पाटी फुटली तवा बांधलं. नाव बी माहंच राहीन.’’

आणि ढोलकीशिवाय, एकटीनं, तिनं ओळ म्हटली. आपल्या दोन अक्षरांआधी तिनं ‘माय’ लावलं होतं. बस, एवढंच. चार अक्षरं भरली.

झील कोणी धरेना. लोकांना नवी ओळ तोंडात यायची होती, की वस्ताद समोर बसलेत म्हणून भीड पडली होती, कोण जाणे. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक खरखरीत, दमेकरी आवाज आला. वस्ताद खुर्चीच्या दांड्याला धरून उठायचा प्रयत्न करत होते. उठता येत नव्हतं, तर बसूनच त्यांनी झील धरली. जन्मभर ज्यांनी कोणाच्या मागे ओळ म्हटली नाही, त्यांनी माझ्या माईच्या मागे तिचं नाव म्हटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सगळा मांडव.

मी रडले. त्यात लपवायचं काय?

खाली उतरल्यावर माय वस्तादाच्या पाया पडली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘‘ढोलकीवाला घाई करून राहिला होता. पानी दे.’’

हल्ली ती संध्याकाळी मला विचारते, ‘‘कोनतं पुस्तक आज?’’ आणि मी वरच्या खणाकडं हात करते, तर म्हणते, ‘‘थे झाले सारे. तू लिह्य आता. माहं सांगतो.’’ म्हणून हे लिहिलं. परवा शाळेत पाचवीच्या पोरी डबा खाताना बाकावर ताल धरून गात होत्या. मी दारात उभी राहिले, त्यांना दिसणार नाही अशी. शेवटची ओळ आली. पोरींनी माझ्या माईचं नाव घेतलं, आणि एकीलाही ठाऊक नव्हतं की तिथं आधी दुसरं नाव होतं.