काचेच्या देठावरची फुलं

आमच्या मिसाकी बंदरात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. शेजारच्या शिमेच्या मनात काय शिजतंय ते मात्र कधी कळलं नाही. दिवसभर ओसरीवर बसून ती समुद्राचे केस खरवडायची.

केस म्हणजे काचेचे. खोल चिखलात एक स्पंज उगवतो, त्याचा देठच काचतंतूंचा, खाली झुपका सुटलेला. शिमेचा नवरा तोराझो गळ टाकायचा, त्यात तो अडकून यायचा. देठावर चामखिळी चिकटलेल्या असायच्या. शिमे त्या खरवडून, झुपका वर करून तो लाकडी ठोकळ्यात बसवायची. एनोशिमाचे यात्रेकरू हौसेनं घेत.

"चामखिळी नाहीत गं त्या," तोराझो सांगायचा. "फुलं आहेत, जिवंत. खाली अंधारात बोटं पसरून बसलेली असतात."

"साके जरा कमी घ्या," मी म्हणायची.

एके दिवशी त्याची होडी तेवढी परत आली. कबर बांधली, पण आत ठेवायला काहीच नव्हतं. घरात त्यानं आणलेला शेवटचा देठ भिंतीला टांगलेला होता, न खरवडलेला.

वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा देवळातले गेन्दो महाराज आले. त्यांच्या चवरीला त्यांच्या डोक्यापेक्षा थोडेच जास्त केस उरले होते.

"शिमेबाई, तोराझोचा तो देठ द्या. त्याच्या श्राद्धाला चवरी म्हणून मी तोच हातात धरीन."

शिमेचा चेहरा असा उजळला, की मलाच हेवा वाटला. तिला दुसरं काय हवं होतं? नवऱ्याचं काहीतरी त्या दिवशी तिथं असावं, एवढंच.

"फक्त त्या चामखिळी काढा," महाराज म्हणाले. "माशीलासुद्धा न दुखवता हाकलायची ही वस्तू. तिच्यावर मेलेले जीव कसे चालतील?"

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी मुळ्याचं लोणचं घेऊन गेले. शिमे सुरी मांडीवर ठेवून बसली होती. देठ समुद्राच्या पाण्याच्या बादलीत. चामखिळी तशाच मिटलेल्या.

"अगं, सुकलेले बोंबील पोहायला लागतात का कधी?"

ती हसली नाही. पाण्यात बघत म्हणाली, "वहिनी, तिथे उजेड नाही, माणूस नाही. मग ही फुलतात कुणासाठी?"

"तुझ्या नवऱ्यासाठी! दुसरं आहे कोण तिथे?"

बोलून गेले आणि जीभ चावली. शिमेनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जणू दूरचा निरोप आणलाय मी. मग तिनं सुरी उचलली आणि लोणचं चिरलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी टकल्या चवरीवरच भागवलं. मंत्र संपल्यावर शिमेनं बाहीतून तो देठ काढला आणि कबरीपुढच्या वाळूत रोवला. झुपका खाली, स्पंज वर, मधे सगळ्या चामखिळी.

"उलटा लावला गं बाई!" बायका कुजबुजल्या. आम्ही जन्मभर तो ठोकळ्यावर झुपका वर असाच पाहिलेला.

"खाली असाच उभा असतो," शिमे म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं."

एक माशी येऊन देठावर बसली. महाराजांनी चवरी उचलली, जरा थांबले, आणि खाली घेतली.

तेवढ्यात समुद्रावरून धुकं चढलं. कबरी बुडाल्या, आम्ही कमरेपर्यंत बुडालो. देठ हळूहळू डोलायला लागला आणि त्यावरची एकेक चामखीळ उमलली. मला तरी तसंच दिसलं. आणि साके मी घेतली नव्हती.